नऊच्या आत मोकळा, नऊनंतर पट्ट्याला: ब्रुकलिनच्या प्रॉस्पेक्ट पार्कात मोतीबरोबर

जागा: प्रॉस्पेक्ट पार्क, ब्रुकलिन, न्यूयॉर्क. प्रवेश फुकट. माझे गुण पाचापैकी साडेचार.

मुलाकडे राहायला आले की सकाळी मोतीला फिरवायचं काम माझ्याकडे येतं. मुलगा-सून रात्री उशिरापर्यंत लॅपटॉप उघडून बसतात आणि मला पाचला जाग येते, त्यामुळे ही वाटणी कुणी न करताच झाली. मोती म्हणजे बीगल आणि आणखी कशाकशाची भेसळ, बेवारस कुत्र्यांच्या निवाऱ्यातून आणलेला. लांब कान, बेताची अक्कल आणि जमिनीला चिकटलेलं नाक. मी कोथरूडची, सगळी नोकरी पोस्टात केली, पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले. मला कुत्री आवडतात. कुत्रेवाले फारसे आवडत नाहीत. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे मी कुणाच्या बाजूने बोलतेय हे शोधण्यात कुणाचा वेळ जायला नको.

पोस्टाचं एवढ्यासाठी सांगितलं, की आमच्याकडे कुत्रा यायचा तो रजेच्या अर्जातून. पोस्टमनला बीटवर कुत्रा चावला की तो इंजेक्शनांना जाणार, त्याचं बीट दुसऱ्याच्या गळ्यात, आणि त्या गल्लीतल्या लोकांचे फोन सुरू की आमचं टपाल का आलं नाही. मी नोकरीला लागले तेव्हा पोटात चौदा इंजेक्शनं घ्यायची पद्धत होती. ती लस आता बंद झाली, दंडावर चार-पाच इंजेक्शनांत भागतं. पण त्या वेळच्या पोस्टमनला कुठल्या बंगल्याच्या फाटकाची कडी सैल आहे हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. आणि आमच्या ऑफिसात तरी चावणारा कुत्रा बहुतेक वेळा रस्त्यावरचा नसायचा. तो बंगल्यातला असायचा, ज्याच्याबद्दल मालकीणबाई गच्चीवरून ओरडून सांगत, ‘आमचा काही करत नाही हो!’

तर बाग. प्रॉस्पेक्ट पार्क ५२६ एकरांची आहे. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान दहा एकरांचं, तशी पन्नासावर बसतील. १८६७ साली ती लोकांना खुली झाली. मॅनहॅटनचं सेंट्रल पार्क ज्या ओल्मस्टेड आणि वॉक्स यांनी आखलं त्यांनीच हीही आखली. मधोमध लाँग मेडो नावाचं कुरण आहे, जवळपास मैलभर लांब, आणि ते असं उतरतं-चढतं ठेवलंय की एका टोकाला उभं राहिलं तर दुसरं टोक दिसत नाही. २०१८ पासून बागेतल्या रस्त्यावरून मोटारीही बंद आहेत.

कुत्र्यांचा नियम असा. बाग पहाटे ५ ला उघडते आणि रात्री १ ला बंद होते. उघडल्यापासून सकाळी ९ पर्यंत, आणि रात्री ९ पासून बंद होईपर्यंत, कुत्रा मोकळा सोडता येतो. तोही सगळीकडे नाही: लाँग मेडो, नेदरमेड आणि पेनिन्सुला ही तीन कुरणं, बस. दारापासून कुरणापर्यंत पट्टा. मधल्या बारा तासांत कुत्र्याला बागेत यायला मनाई नाही, पण पट्टा लावलेला हवा आणि तो सहा फुटांपेक्षा लांब नको. लहान मुलांच्या खेळण्याच्या जागेत, बेसबॉलच्या मैदानांवर आणि प्राणिसंग्रहालयात कुत्र्याने दिवसाच्या कुठल्याही वेळी पाऊल टाकायचं नाही.

पहिल्यांदा गेले तेव्हा सून म्हणाली, “आई, फार लवकर जाऊ नका, साडेसातला जा, तेव्हा गंमत असते.” खरंच असते. साडेसातला लाँग मेडोवर शंभरेक कुत्री तरी असतील. गवत दवाने भिजलेलं, त्यात टेनिसचे चेंडू, फाटकी खेळणी, कुणाचा तरी हातमोजा. चेंडू फेकायला पळीसारखा लांब दांडा मिळतो, त्यामुळे वाकावं लागत नाही आणि थुंकीने लडबडलेल्या चेंडूला हातही लावावा लागत नाही. माझ्यासारख्या गुडघेवालीला हे यंत्र फार पटलं. मोती चेंडूच्या मागे दहा पावलं जातो, मग वाटेत काहीतरी वास येतो आणि चेंडू राहतो बाजूला. तो चेंडू कुणाचा तरी लॅब्रॅडॉर आणून माझ्या पायाशी टाकतो आणि मलाच फेकायला लावतो. माणसं एकमेकांची नावं विचारत नाहीत, कुत्र्यांची विचारतात. मला तिथे सगळे ‘मोतीची आजी’ म्हणून ओळखतात, आणि समोरच्या आजोबांचं नाव मला आजही ठाऊक नाही, त्यांच्या दोन डॅशहुंडांची मात्र ठाऊक आहेत.

महिन्याच्या पहिल्या शनिवारी तिथे कुत्रेवाल्यांची फिडो नावाची संघटना सकाळी कॉफी ठेवते. त्याला ते ‘कॉफी बार्क’ म्हणतात. कॉफी पातळ असते. पण तिथे उभं राहिलं की बागेचं सगळं राजकारण कळतं: कुठल्या कोपऱ्यात गवत नव्याने पेरलंय, कुठे कुंपण घातलंय, कुणाच्या कुत्र्याने कुणाचं सँडविच पळवलं.

आता नऊ वाजता काय होतं ते नीट सांगते, कारण माझे बरेचसे गुण त्यालाच आहेत.

पावणेनऊला लोक मनगटाकडे बघायला लागतात. आठ पन्नासला हाका सुरू होतात. खिशातून चीजचे तुकडे निघतात, मग गळपट्ट्याला कड्या अडकवल्याचा खट्, खट् असा आवाज कुरणभर. मोतीला ही वेळ घड्याळाशिवाय कळते. तो तेवढ्यात तीस पावलं लांब जाऊन, माझ्याकडे पाठ करून, एखाद्या झाडाची मुळं हुंगत उभा राहतो. नऊ वाजून पाच मिनिटांनी त्याच कुरणावर चादरी टाकून तान्ह्या बाळांच्या आया बसायला लागतात. कुठेही रखवालदार नाही, शिट्टी नाही. एकदा एक दांडगा तरुण त्याच्या तेवढ्याच दांडग्या कुत्र्याला नऊनंतरही खुशाल पळवत होता. बाबागाडी ढकलत जाणारी एक बाई थांबली आणि एवढंच म्हणाली, “नऊ वाजून दहा मिनिटं झालीत हं.” आवाज चढवला नाही, पुढे एक शब्द बोलली नाही. त्याने सॉरी म्हणून कडी लावली. उलटंही होतं. साडेआठच्या सुमाराला एक पळणारे गृहस्थ गवतावरून जाताना कुत्री पायात येतात म्हणून करवादले. कुणीतरी त्यांना शांतपणे रस्ता दाखवला: अजून अर्धा तास आहे, तोवर तिकडून पळा. तेही गेले.

आमच्याकडे बागेतलं भांडण तासभर चालतं, कारण दोघांनाही वाटतं की बाग आपली आणि बरोबर आपणच. इथे घड्याळ बघितलं की कोण बरोबर ते कळतं आणि भांडणाचा मुद्दाच उरत नाही. नियमात मला आवडलं ते हे. कुत्र्यांवर प्रेम करा, माणसांची सोय बघा, असलं काही तो सांगत नाही. तो फक्त वेळ सांगतो.

आणि हा नियम काही आभाळातून पडलेला नाही. वीसेक वर्षं न्यूयॉर्कच्या बागांत ही सवलत नुसती चालवून घेतलेली होती, कागदावर पट्टा सक्तीचाच होता. २००६ साली क्वीन्समधली एक नागरिक संघटना त्याविरुद्ध कोर्टात गेली. कुत्रेवाले, बिनकुत्रेवाले सगळे तावातावाने बोलले. शेवटी शहराच्या आरोग्य मंडळाने डिसेंबर २००६ मध्ये आपला नियम बदलला आणि २००७ मध्ये ही वेळ उद्यान खात्याच्या नियमावलीत रीतसर लिहिली गेली. बरोबर अटीही आल्या: कुत्र्याचा परवाना हवा, रेबीजची लस दिलेली हवी. परवान्याचा दरही मजेशीर आहे. नसबंदी केलेल्या कुत्र्याला वर्षाला ८.५० डॉलर, न केलेल्याला ३४. उपदेश न करता लोकांना वळण लावायची ही रीत मला सरकारी नोकरीतल्या माणसाच्या नजरेने फार हुशारीची वाटते.

शीबद्दल. हा विषय टाळून कुत्र्यांच्या बागेवर लिहिणं म्हणजे फसवणूक आहे. न्यूयॉर्कमध्ये कुत्र्याची शी मालकाने उचलायचा कायदा १९७८ साली आला. त्याआधी तिथले फुटपाथ कसे होते ते डॅशहुंडवाले आजोबा सांगतात तेव्हा मला आमच्या गल्लीची आठवण येते, पुढचं सांगत नाही. आज दंड २५० डॉलर आहे. पण दंड करणारा माणूस मी कधी पाहिला नाही, बघणारी माणसं मात्र ढिगाने पाहिली. एक बाई फोनवर बोलत बोलत पुढे निघाली, मागे तिच्या पूडलने काम उरकलेलं. आजोबा काठी टेकत तिच्यामागे गेले आणि खिशातली कोरी पिशवी पुढे करून म्हणाले, “ही तुमच्याकडून पडली वाटतं.” सदाशिव पेठेत जन्मले असते तर पाटी लिहिली असती.

नोव्हेंबरात पानं गळतात तेव्हा तपकिरी पानांत तपकिरी वस्तू शोधणं हे कसब आहे. घड्याळं तासभर मागे जाण्याआधीच्या दिवसांत सकाळी सातलाही अंधार असतो, म्हणून लोक कपाळाला दिवा बांधून येतात. कुत्रा बसला की त्या जागेवरची नजर हलवायची नाही, मोतीने दुसरीकडे ओढलं तरी. मी आधी पायाने पानं बाजूला करते, मग पिशवी हातात उलटी घालून उचलते, गाठ मारते. सांगायला किळसवाणं, करायला अर्धं मिनिट.

कापलेला अर्धा गुण कुठे गेला ते आता.

थोडा पाण्यात गेला. नाइन्थ स्ट्रीटच्या दाराने आत गेलं की कुरणाला लागून एका तळ्याच्या काठी ‘डॉग बीच’ आहे, कुत्र्यांना पाण्यात उतरायला केलेली जागा. कल्पना झकास. लॅब्रॅडॉर धावत येऊन धपकन उडी मारतात, काठावरच्या सगळ्यांना आंघोळ. मोती पुढचे दोन पाय बुडवतो आणि कुणीतरी ढकललं असं तोंड करून मागे येतो. पण उन्हाळ्यात बागेतल्या पाण्यावर निळं-हिरवं विषारी शेवाळ येतं आणि ते कुत्र्याच्या पोटात गेलं तर जिवावर बेतू शकतं. यामागचं कारण ऐकून मी थक्क झाले. बागेतल्या तळ्याला शहराच्या नळाचंच पाणी आहे. जुन्या पाइपांतलं शिसं पिण्याच्या पाण्यात उतरू नये म्हणून त्यात फॉस्फेट घालतात. माणसाला ते चालतं, आणि तळ्यात पोचलं की शेवाळाला खत होतं. शेवाळाच्या पाट्या लागलेल्या दिसल्या की पाण्याकडे फिरकू नका. कुत्रा पाण्याकडे ओढणार, तुम्ही त्याला कुरणाकडे ओढणार, त्या ओढाओढीची तयारी ठेवा.

थोडा सोमवारी सकाळी गेला. रविवारी बागेत लोक कोळशावर कोंबड्या भाजतात. हाडं कचऱ्याच्या डब्यात जायला हवीत, बरीच गवतात जातात. सोमवारी मोतीचं नाक ती एकूण एक शोधून काढतं. शिजलेलं कोंबडीचं हाड चावलं की त्याच्या अणकुचीदार चिरफळ्या होतात, घशात अडकतात. सोमवारी मी मोतीला सोडतच नाही, किंवा लांब दोरी बांधून सोडते. इथे चूक कुत्रेवाल्यांची नाही, हे मुद्दाम नोंदवते.

आणि थोडा अशा लोकांसाठी कापला, ज्यांच्याकडे घड्याळ बघून यायची चैन नाही. सुनेच्या मैत्रिणीची आई नाशिकहून आलेली. त्यांना कुत्रा दिसला की घाम फुटतो, लहानपणी चावलेला. त्या साडेनऊला निघतात, सगळी कुत्री पट्ट्याला असतात, त्यांचं छान चाललंय. पण सव्वाआठला बागेतून शाळेत जाणारी पोरं? त्यांतही एखादं घाबरणारं असतंच. एक मुलगी मी पाहिली, वडिलांच्या कोटात तोंड खुपसून डांबरी रस्त्याच्या पार कडेने चालत होती, आणि एक ढब्बू कुत्रा केवळ प्रेमाने तिच्याकडे धावत निघाला होता. त्याची मालकीण लांबून ओरडली, “ही इज फ्रेंडली!” म्हणजे गच्चीवरल्या मालकीणबाई ब्रुकलिनलाही पोचल्या आहेत. अहो, कुत्रा तुमच्याशी प्रेमळ असेल. त्या पोरीला ते कसं कळणार? हाकेला परत न येणारा कुत्रा मोकळा सोडू नये, वेळ कुठलीही असो. नियम हे शिकवू शकत नाही.

नियम मोडला की काय होतं याचं गाजलेलं उदाहरण नदीपलीकडे आहे. मे २०२० मध्ये सेंट्रल पार्कच्या रॅम्बल भागात एका पक्षीनिरीक्षकाने एका बाईला कुत्र्याला पट्टा लावायला सांगितलं. तो भाग झाडीचा आणि पक्ष्यांचा, तिथे पट्टा कायम सक्तीचा. तो गृहस्थ कृष्णवर्णीय, बाई गोरी. तिने पोलिसांना फोन करून सांगितलं की एक कृष्णवर्णीय माणूस मला धमकावतोय. त्याचा व्हिडिओ जगभर गेला आणि चर्चा झाली ती रास्तपणे वर्णद्वेषाची. पण सुरुवात पट्ट्यावरून झाली होती, आणि पाटीप्रमाणे बरोबर तो होता. नियमात वेळ आणि जागा नेमकी असली तरी सांगणारा कोण आणि ऐकणारा कोण यावर बरंच काही अवलंबून राहतं, हे बाबागाडीवाल्या बाईचं कौतुक करताना मी विसरत नाही.

जाण्या-येण्याबद्दल दोन ओळी. आम्ही चालत जातो. लांबून येणाऱ्यांना एफ किंवा जी गाडीने फिफ्टीन्थ स्ट्रीट-प्रॉस्पेक्ट पार्क स्टेशनला उतरता येतं, पण न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कुत्रा पिशवीत किंवा पेटीत घातलेला असावा लागतो. नियमात पिशवीचं माप नाही. त्यामुळे धट्टीकट्टी माणसं पंचवीस किलोचा कुत्रा बाजाराच्या निळ्या पिशवीत घालून खांद्याला अडकवतात, पिशवीला भोकं पाडून त्याचे चार पाय खाली लोंबत असतात. हे बघायला मिळालं तर तिकिटाचे पैसे वसूल.

आता आमच्याकडचं. पुण्यात घराजवळच्या बागेचं नाव घेत नाही. दारावर पाटी आहे: पाळीव प्राण्यांना आत आणण्यास सक्त मनाई. शेजारीण आणि मी संध्याकाळी जातो तेव्हा तिच्या पॉमेरेनियनला घेऊन एकीने बाहेर कट्ट्यावर बसायचं, दुसरीने आत फेऱ्या मारायच्या, मग अदलाबदल. रखवालदार नियमाला पक्का. आणि आत घसरगुंडीखाली तीन कुत्री पसरलेली असतात, बिनपट्ट्याची, बिनमालकाची, ज्यांना तोच रखवालदार ग्लुकोजची बिस्किटं घालतो. तो माणूस वाईट नाही. पाळीव प्राण्यांना मनाई असं पाटीवर लिहिलंय आणि ती तिघं पाळीव नाहीत, एवढं त्याचं वाचन बरोबर आहे.

न्यूयॉर्कचा नियम उचलून पुण्याला चिकटवा असं मी म्हणणार नाही, ते या तिघांमुळे. ब्रुकलिनमध्ये रस्त्यावर राहणारं कुत्रं दिसत नाही. तिथल्या कुरणावर जी शंभर येतात ती सगळी पाहुणी, जागेवर हक्क सांगणारं कुणी नसतं. आपल्याकडे प्रत्येक बागेला तिची स्वतःची कुत्री आहेत. तिथे परक्या कुत्र्याला मोकळं सोडलं तर पहिल्या पाच मिनिटांत कान फाटणार, मग मालक मध्ये पडणार, मग त्यालाही चावणार. म्हणून आपल्याकडे मोकळं सोडण्याची गोष्ट नंतर. आधी पट्ट्यासह आत येऊ द्यायची, तीही आतल्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण झालेलं असेल तिथेच.

कायदा काय म्हणतो हे लोक आपापल्या सोयीने सांगतात. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचना हाउसिंग सोसायट्यांसाठी आहेत. त्यांत सोसायट्यांना सांगितलंय की बागेत पाळीव प्राण्यांना बंदी घालणं अदूरदर्शीपणाचं आहे, फिरवलेला कुत्रा घरी कमी भुंकतो आणि शेजाऱ्यांचाच फायदा होतो; मात्र इतरांना त्रास होणार नाही अशा वेळा आपसात ठरवून घ्या. म्हणजे वेळा वाटून घ्यायची कल्पना आपल्याही कागदांत आहे. दुसऱ्या बाजूला, आपल्या जनावरापासून इतरांना धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी घेतली नाही, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. कुत्रेवाले पहिला कागद खिशात ठेवतात, बाकीचे दुसरा.

वेळ कुठली, यावर माझा बराच विचार झालाय. सकाळ सोडा. पुण्यात पाच ते नऊ ही ज्येष्ठ नागरिकांची, योगासनांची आणि हास्यक्लबाची वेळ आहे, ती कुणी कुत्र्याला देणार नाही आणि देऊही नये. दुपारी बऱ्याच बागा बंदच असतात, पण एप्रिल-मेमध्ये दुपारच्या फरशीवर कुत्र्याचे तळवे भाजतात, म्हणून तीही नको. उरते ती रात्र. आठच्या सुमाराला बाग बंद झाली की पुढचा दीड तास. लहान मुलं घरी गेलेली, हवा बरी, कुत्रा आणि मालक दोघांची जेवणं व्हायची. तासाला पैसे घेऊन कुंपणात कुत्रा सोडू देणाऱ्या खाजगी जागा शहराबाहेर निघाल्या आहेत, चांगल्या आहेत म्हणतात, पण कोथरूडहून गाडी काढून तिथवर जाऊन येणं रोजचं नव्हे.

टेकडीचं नाव काढू नका. वेताळ टेकडीला आणि तळजाईला लोक बिनदिक्कत कुत्री मोकळी सोडतात आणि ती मोरांच्या मागे लागतात. तिथे मी पूर्ण बंदीच्या बाजूची आहे. बाग माणसाने माणसासाठी केलेली असते, तिच्यात वाटा मागता येतो. टेकडीवर मोर आधीपासून राहतात.

परत गेल्यावर बागेचा कारभार बघणाऱ्या खात्याला पत्र देणार आहे, मसुदा इथेच झालाय. एक बाग, एक दार, रात्री आठ ते साडेनऊ. महापालिकेचा कुत्र्याचा परवाना आणि रेबीजच्या लसीचा दाखला दारावर दाखवायचा. पट्टा सक्तीचा, खेळण्यांच्या बाजूला कुलूप. शी न उचलणाऱ्याला दुसऱ्या दिवसापासून आत सोडायचं नाही. सहा महिने करून बघा, नाही जमलं तर बंद करा. रखवालदाराची ड्युटी दीड तासाने वाढणार, त्याचा पगार कुणी द्यायचा हा मुद्दा मसुद्यात अजून कच्चा आहे. कुत्रेवाल्यांकडून वर्गणी घ्यावी असं मला वाटतं, पण ती गोळा कुणी करायची हा पुढचा प्रश्न.

मुलगा म्हणतो, “आई, उत्तर काही येणार नाही.” न येऊ दे. रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टात विलीन झालंय, तरी सहीची पोच घेता येते, आणि ती कशी घ्यायची हे मला कुणी शिकवायला नको.